पोटातली गँग

पोट दुखलं की मेडिकलमधून एक स्ट्रिप आणायची, हा हॉस्टेलचा अलिखित नियम. पण आतड्यातले जंतू जागा सोडून बाहेर पडतात तेव्हा ते एकेकटे येत नाहीत, टोळीनं येतात. आणि त्या टोळीतले काही जण लॅबच्या रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र. पुण्याचं ससून हॉस्पिटल. ऑपरेशन टेबलवर चोपन्न वर्षांचे एक कैदी आहेत. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना इथे हलवलंय. पोटात दुखतंय, निदान झालंय अपेंडिसायटिस. मुंबईहून ओळखीचे भारतीय डॉक्टर येईपर्यंत थांबू, असं चाललं होतं; पण सर्जन कर्नल मॅडॉक म्हणाले, आता थांबण्यात जिवाला धोका आहे. कैदी तयार झाले. ऑपरेशन सुरू झालं आणि वादळात लाइट गेली. नर्सनं हातात बॅटरी धरली होती, तीही मध्येच बंद पडली. शेवटी कंदिलाच्या उजेडात ऑपरेशन पूर्ण झालं.

कैदी होते महात्मा गांधी. १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहून डॉक्टर आणि हॉस्पिटलांवर सडकून टीका करणारे, तेच.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पुढची जरा कमी जणांना माहीत असते. अपेंडिक्स निघालं, पण नंतर तिथेच गळू झालं. प्रकृती ज्या वेगानं सुधारायला हवी होती तशी सुधारेना. शिक्षा सहा वर्षांची होती आणि त्यातली दोनही पूर्ण झाली नव्हती. तरी सरकारनं ५ फेब्रुवारी १९२४ ला त्यांना सोडून दिलं. आपल्या पुस्तकांत हे ‘प्रकृतीच्या कारणावरून सुटका’ एवढ्यात संपतं. प्रकृतीचं ते कारण म्हणजे अपेंडिक्सचा आजार आणि मागोमाग आलेलं हे गळू.

असं गळू आज झालं तर पू लॅबला जातो आणि सलाइनमधून दोन-तीन अँटिबायोटिक्स सुरू होतात. १९२४ मध्ये यातलं काही नव्हतं. पेनिसिलिनची बुरशी फ्लेमिंगच्या नजरेला पडायला अजून चार वर्षं बाकी होती.

पुढे हेच गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. ते शेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. तिथे कस्तुरबा हॉस्पिटल उभं राहिलं आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानं मेडिकल कॉलेज सुरू झालं. आमच्या नाचणगावात कुणाचं पोट जास्तच दुखायला लागलं की घरात जो वाद सुरू होतो, तो याच नावापाशी येतो. सेवाग्रामला न्यायचं की सावंगीला?

‘रिपोर्टात त येकच जंतू हाय!’

नाचणगाव म्हणजे देवळी तालुक्यातलं, पुलगावला चिकटून असलेलं गाव. बाहेरच्यांना पुलगाव माहीत असतं, दारूगोळ्याच्या डेपोमुळे आणि रेल्वे स्टेशनमुळे. नाचणगाव सांगितलं की ‘हे कुठे आलं?’ असा चेहरा होतो. वर्धा इथून तीस-पस्तीस किलोमीटर. दिवसा हे अंतर काहीच नाही. रात्री दोन वाजता पोट धरून बसलेल्या माणसाला मात्र ते फार वाटतं. म्हणून ‘सकाळी पाहू’ हे आमच्याकडचं सगळ्यात खपणारं औषध आहे.

माझ्या चुलतभावानं हे औषध सलग तीन दिवस घेतलं. वय एकोणीस, बीएस्सी सेकंड इयर, हिवाळी परीक्षा तोंडावर. आधी बेंबीपाशी दुखायला लागलं. मित्र म्हणाले, ‘काई नाई होत बे, बाहेरचं खाल्लं असशील.’ मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची गोळी आली. तीच ती, लूज मोशन झाले की सगळे खातात ती. सोबत एक पेनकिलर. दुखणं उजवीकडे खाली सरकलं. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम बरं वाटलं, इतकं की त्यानं नोट्स काढल्या. त्याच रात्री थंडी वाजून ताप आला आणि पोट पाटीसारखं कडक झालं. अपेंडिक्स फुटलं होतं.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. पाचव्या-सहाव्या दिवशी टाक्यांच्या कडेनं लाली आली, मग पाणी सुटलं, मग पू. वास असा की शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक खिडकी उघडायचे. काही टाके मोकळे केले. कापसाच्या बोळ्यावर पुवाचा नमुना घेऊन एका खासगी लॅबला पाठवला. रिपोर्ट आला, ‘नो ग्रोथ’. म्हणजे जंतू वाढलाच नाही! डोळ्यांसमोर पू वाहतोय आणि कागद म्हणतोय, काही नाही. दुसऱ्यांदा नमुना गेला तेव्हा एक नाव आलं, ई. कोलाय. तरीही डॉक्टरांनी त्याच्यासाठीच्या औषधासोबत मेट्रोनिडाझोलही चालूच ठेवलं.

तेव्हा माझ्या काकूनं विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. ‘रिपोर्टात त येकच जंतू हाय ना, मंग दोन-दोन इंजेक्शनं काहून देऊन रायले?’

राउंडच्या गर्दीत तिला कुणी नीट उत्तर दिलं नाही. मला मात्र तो प्रश्न इतका बरोबर वाटला की इंटर्नशिपमध्ये पहिला स्वतंत्र विषय मिळाला तेव्हा मी हाच मागितला.

एक रोग, एक जंतू?

शाळेत आपण जंतू शिकलो ते जोडी लावा टाइपमध्ये. कॉलरा कशामुळे? टीबी कशामुळे? प्लेग कशामुळे? डावीकडे रोग, उजवीकडे जंतू, मध्ये रेघ. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रॉबर्ट कॉख यांनी पक्की केली आणि ती जबरदस्त उपयोगी ठरली. एक रोग, एक गुन्हेगार. त्याला पकडा, वेगळा वाढवा, प्राण्याला टोचा. तोच रोग झाला तर गुन्हा सिद्ध.

ऑपरेशनच्या वॉर्डात ही जोडी लावायला गेलं की गडबड होते.

१९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मेलेनी नावाचे सर्जन होते. पोटाच्या ऑपरेशननंतर काही पेशंटच्या जखमेभोवतीची कातडी हळूहळू काळी पडत सडत जायची. मेलेनींना त्या जखमांत दोन जंतू सापडले. एक स्टॅफिलोकोकस, दुसरा कमी ऑक्सिजनमध्ये वाढणारा स्ट्रेप्टोकोकस. कॉखच्या नियमाप्रमाणे त्यांनी प्राण्यांना एकेक टोचून पाहिला. तसलं सडणं काही झालं नाही. दोन्ही मिळून टोचले तेव्हा झालं. एकटे दोघंही त्या गुन्ह्यातून निर्दोष सुटले असते!

यालाच मिश्र संसर्ग म्हणतात, मिक्स्ड इन्फेक्शन. एकाच जागी एकापेक्षा जास्त जातींचे जंतू आणि त्यांची आपसात मदत. अपेंडिक्स फुटल्यावर होतं ते हेच. फक्त दोन नाही, कितीतरी जातींचं.

कारण ते येतात कुठून ते बघा. मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात शंभर अब्जांच्या आसपास बॅक्टेरिया असतात. त्यातले बहुसंख्य असे की ज्यांना ऑक्सिजन चालत नाही. त्यांना ॲनेरोब म्हणतात. ई. कोलायसारख्या, ऑक्सिजनमध्येही जगणाऱ्या जंतूंपेक्षा त्यांची संख्या शेकडो पटींनी जास्त. आतड्यात आहेत तोवर हे सगळे आपले भाडेकरू. अन्न पचवायला मदत करतात, व्हिटॅमिन के बनवतात, बाहेरच्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत. अपेंडिक्स त्या आतड्यालाच लागून असलेली, एका टोकाला बंद असलेली बोटभर नळी. तिचं तोंड बंद झालं, ती सुजली, फुटली, की ही सगळी वस्ती पोटाच्या पोकळीत सांडते. तिथे एकही जंतू असायला परवानगी नाही.

आणि मग टीमवर्क सुरू होतं. ई. कोलाय आणि त्याचे सोबती तिथला ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे ॲनेरोबना राहण्यासारखी जागा तयार होते. ॲनेरोबपैकी बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस नावाचा एक जण आहे. आतड्यात तो अल्पसंख्य, पण गळवात मात्र हमखास हजर. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं असं आवरण असतं की गळू बनवण्यात त्याचा हात कुणी धरत नाही. शिवाय तो पेनिसिलिनसारखी औषधं तोडणारं एन्झाइम सोडतो. म्हणजे औषध शेजाऱ्यासाठी दिलं असेल तरी हा ते मध्येच फाडून टाकतो आणि शेजारी वाचतो. हॉस्टेलमध्ये एकाची प्रॉक्सी दुसरा लावतो ना, साधारण तसंच.

उंदरांनी दिलेलं उत्तर

काकूच्या प्रश्नाचं उत्तर मला १९७० च्या दशकातल्या एका अमेरिकन प्रयोगात सापडलं. बार्टलेट, ओंडरडोंक, गोरबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. प्रयोग वाचताना पोटात ढवळतं, आधीच सांगते. त्यांनी उंदरांना मांस खाऊ घातलं, म्हणजे त्यांच्या आतड्यातले जंतू माणसासारखे व्हावेत. मग आतड्यातला तो ऐवज कॅप्सूलमध्ये भरून दुसऱ्या उंदरांच्या पोटाच्या पोकळीत ठेवला. फुटलेल्या अपेंडिक्सची नक्कल.

काहीच औषध दिलं नाही तेव्हा शंभरातले सुमारे ३७ उंदीर पहिल्या काही दिवसांतच मेले. जे वाचले त्या सगळ्यांच्या पोटात आठवडाभरानं गळवं सापडली. आजार दोन अंकी नाटकासारखा होता. पहिल्या अंकात रक्तात विष पसरून मृत्यू, दुसऱ्यात गळू.

मग एका गटाला जेंटामायसिन दिलं. ते ई. कोलायवर चालतं, ॲनेरोबवर नाही. मृत्यू ४ टक्क्यांच्या आसपास आले. पण वाचलेल्या जवळजवळ सगळ्यांना गळू झालंच. दुसऱ्या गटाला क्लिंडामायसिन दिलं, जे ॲनेरोबवर चालतं. गळवं अगदी थोड्यांना झाली, पण मृत्यू तेवढेच राहिले, ३५ टक्के. तिसऱ्या गटाला दोन्ही दिली. दोन्ही आकडे दहाच्या आत आले.

पहिल्या अंकातला व्हिलन एक, दुसऱ्यातला दुसरा. एकालाच पकडलं तर नाटक अर्ध्यावर थांबत नाही. काकूच्या दोन इंजेक्शनांमागचं कारण हे असं उंदरांनी सिद्ध केलेलं आहे.

आणि मेट्रोनिडाझोलची गोष्ट तर याहून भारी. हे औषध मुळात बॅक्टेरियासाठी नव्हतंच. ट्रायकोमोनास नावाच्या एका परजीवीमुळे स्त्रियांना होणाऱ्या योनीमार्गाच्या आजारावर ते दिलं जायचं. १९६२ मध्ये लंडनच्या डेव्हिड शिन या दंतवैद्यांनी नोंदवलं, की हे औषध घेणाऱ्या एका बाईच्या हिरड्यांचा सडणारा आजारही बरा झाला. हिरड्यांचा तो आजार म्हणजे ॲनेरोबचाच उद्योग, तोही मिश्र संसर्ग. खालच्या आजारावर दिलेल्या गोळीनं तोंड बरं केलं आणि तिथून हे औषध जगभरच्या पोटाच्या वॉर्डांत पोचलं. आपल्याकडे कोणत्याही सर्जिकल वॉर्डात सलाइनच्या स्टँडला लटकलेली त्याची शंभर मिलिलिटरची बाटली दिसतेच.

न सापडलेला आरोपी

आता मुख्य मुद्दा. रिपोर्टमध्ये एकच नाव का आलं? आणि पहिल्या वेळी तेही का नाही?

पू तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे कल्चर. नमुना जंतूंच्या खाद्यावर पसरायचा, उबदार कपाटात ठेवायचा, एक-दोन दिवसांनी काय उगवलं ते बघायचं. ई. कोलाय भराभर उगवतो. ॲनेरोब मात्र हवेतल्या ऑक्सिजननंच मरतात किंवा मलूल होतात. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना टेबलावर पडून राहिला, पिशवीत टाकून मोटरसायकलवर गावाहून शहरात गेला, बोळा वाळला, की त्यांचा कारभार वाटेतच आटोपतो. लॅबमध्ये पोचते ती टोळीतल्या दणकट मेंबरांची यादी. पोटात आधीच अँटिबायोटिक असेल तर तीही कोरी. माझ्या भावाच्या पहिल्या ‘नो ग्रोथ’चं कोडं मला तरी असंच सुटलेलं दिसतं. बोळाही होता आणि औषधंही चालू होती.

बरं, नमुना जिवंत पोचला तरी ॲनेरोब वाढवायला हवा काढून टाकलेला बंद डबा लागतो, वेगळं खाद्य लागतं, निदान दोन दिवस लागतात आणि काही जातींना त्याहून बरेच जास्त. बऱ्याच लॅब ही तपासणी करतच नाहीत. त्यांच्या रिपोर्टवर वर बारीक अक्षरात ‘एरोबिक कल्चर’ असं लिहिलेलं असतं. आपण थेट खाली ‘एस’ आणि ‘आर’ची यादी वाचायला जातो. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे नाही चालणार. पण वरच्या त्या शब्दाचा अर्थ असा, की आम्ही ऑक्सिजनमध्ये वाढणारेच शोधले. बाकीच्यांना शोधलंच नाही. ‘नाही सापडला’ आणि ‘शोधला नाही’ यात फरक आहे, हे पत्रकारितेच्या पहिल्या वर्षात आम्हाला शिकवतात. लॅबच्या रिपोर्टलाही लागू होईल असं वाटलं नव्हतं.

मग डॉक्टरांना कळतं कसं? एक तर वासावरून. तो खिडकी उघडायला लावणारा वास हा ॲनेरोबच्या उपस्थितीचा जुना आणि भरवशाचा पुरावा. ई. कोलाय एकटा असता तर एवढी दुर्गंधी आली नसती. दुसरं म्हणजे ग्रॅम स्टेन. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये काढलेली रंगवायची पद्धत. पुवाचा थेंब काचेवर पसरून रंगवला की तासाभरात मायक्रोस्कोपखाली दिसतं. इथे जांभळे गोल मण्यांच्या माळेसारखे, तिथे गुलाबी काड्या, कुठे दोन्ही टोकांना निमुळत्या. मेलेले जंतूसुद्धा या फोटोत येतात. काचेवर चार आकार आणि कल्चरमध्ये एकच नाव, म्हणजे बाकीचे वाटेत गळाले, असं सरळ गणित.

शक्य असेल तिथे बोळ्याऐवजी सिरिंजनं आतला पू ओढून घेणं आणि हवा काढून लगेच लॅबला पोचवणं जास्त चांगलं. हे काम आपलं नाही, पण विचारता येतं. ‘स्वॅब पाठवताय की पू?’ एवढं विचारल्यानं कुणी वॉर्डाबाहेर काढत नाही.

याची उलटी बाजूही आहे. उघड्या जखमेच्या वरून बोळा फिरवला की कातडीवरचे, पलंगावरचे, हातावरचे असे कितीतरी जंतू उगवतात. रिपोर्टमध्ये तीन नावं आली म्हणजे तिघंही दोषी असं नाही. काही नुसतेच गर्दीत उभे असतात. म्हणून चांगला सर्जन आधी जखम बघतो, पेशंटचा ताप बघतो आणि मग कागद. आपण नेमकं उलट करतो. कागद व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि कुणीतरी लांबचा मामा त्यावर औषध सुचवतो.

राजाचं गळू

औषधाइतकंच, कधी कधी औषधाहून जास्त, महत्त्वाचं काम चाकूचं असतं. हे समजायला पुन्हा अपेंडिक्सच्याच एका पेशंटकडे जावं लागेल, आणि हा पेशंट इंग्लंडचा राजा होता.

२६ जून १९०२ ला सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरलेला. जगभरचे पाहुणे लंडनमध्ये जमलेले. राजाच्या पोटात अपेंडिक्सचं गळू. समारंभ पुढे ढकलायला तो तयार नव्हता. शेवटी २४ जूनला फ्रेडरिक ट्रेव्हज या सर्जननं ऑपरेशन केलं. गंमत म्हणजे त्यांनी अपेंडिक्स काढलंच नाही. गळू उघडलं, पू बाहेर काढला, बस. अँटिबायोटिक नावाची गोष्ट जगात नव्हती. राजा बरा झाला आणि ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला.

त्या सोहळ्यासाठी गेलेल्या पाहुण्यांत कोल्हापूरचे शाहू महाराजही होते. मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम निघाला तेव्हा ते तिकडेच होते. राज्याभिषेक तेव्हा अजून व्हायचा होता, राजाच्या त्या गळवामुळे. विषयाशी याचा थेट संबंध नाही, पण मला हे कळलं तेव्हा दोन मिनिटं मी तशीच बसून राहिले.

तर मुद्दा गळू उघडण्याचा. गळवाच्या आत रक्त पोचत नाही, त्यामुळे औषधही धड पोचत नाही. शिवाय आत ऑक्सिजन नाही आणि जेंटामायसिनसारख्या औषधांना जंतूच्या आत शिरायलाच ऑक्सिजनची गरज लागते. पू बाहेर काढला, मेलेलं मांस कापून टाकलं, हवा खेळती झाली की ॲनेरोबची सद्दी संपते आणि औषधालाही वाट मिळते. भावाचे टाके मोकळे केले तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना वाटलं की ऑपरेशन बिघडलं. नंतर कळलं, बंद ठेवलं असतं तर जास्त बिघडलं असतं.

गँगमध्ये नवे मेंबर

आतापर्यंत बोललो ते आपल्याच पोटातल्या जंतूंबद्दल. हॉस्पिटलात जास्त दिवस राहावं लागलं की बाहेरचेही सामील होतात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, आणि ड्रेसिंगवर निळसर-हिरवा डाग सोडणारा स्यूडोमोनास. हे औषधांना सरावलेले असतात. त्यातून एकाच जखमेत दाटीवाटीनं राहणारे जंतू प्रतिकाराची जनुकंही एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीचे असले तरी. सेमिस्टरच्या आदल्या रात्री नोट्सची पीडीएफ फिरते त्या वेगानं नसेल, पण फिरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या दर शंभरांमागे साधारण ११ जणांना संसर्ग होतो. त्याच वर्षी संघटनेनं नियमही दिले आणि त्यातले काही वाचून घरच्यांना धक्का बसेल. ऑपरेशनच्या जागेवरचे केस वस्तऱ्यानं काढू नका. काढायचेच असतील तर क्लिपरनं. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतूंना दार मिळतं. अँटिबायोटिक द्यायचं ते चीर देण्याच्या आधीच्या दोन तासांत. आणि संसर्ग नसेल तर ऑपरेशननंतर ‘सेफ्टीसाठी’ म्हणून ते चालू ठेवायचं नाही. आमच्याकडे डिस्चार्जच्या वेळी अँटिबायोटिकची चिठ्ठी नसेल तर लोकांना डॉक्टरवर संशय येतो.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अपेंडिक्स फुटलं नसेल तर काही पेशंट नुसत्या अँटिबायोटिकनं बरे होतात, हे खरं आहे. २०२० मध्ये अमेरिकेत दीड हजारांहून जास्त प्रौढ पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधं दिलेल्या दहापैकी साधारण सात जणांना पहिल्या नव्वद दिवसांत ऑपरेशन लागलं नाही. पण ते स्कॅन करून, डॉक्टरांच्या नजरेखाली, योग्य औषधांचा दहा दिवसांचा कोर्स घेऊन. आणि उरलेल्या तिघांना ऑपरेशन करावंच लागलं. अंदाजानं आणलेल्या दोन गोळ्या आणि पेनकिलर यांचा त्या अभ्यासाशी काही संबंध नाही. पेनकिलरनं दुखणं झाकलं जातं आणि ‘सकाळी पाहू’ म्हणायला घरच्यांना आणखी एक कारण मिळतं.

अपेंडिक्स हा आपल्याच वयाचा आजार आहे. दहा ते तीस या वयात तो सगळ्यात जास्त होतो. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली गेलं, भूक मेली, मळमळ, बारीक ताप, चालताना धक्का बसला की कळ, असं असेल तर गाडी काढायची. अंतर तीस किलोमीटर असो की तीन. आणि खूप दुखत असताना अचानक बरं वाटलं तर नोट्स काढायला बसायचं नाही. नळी फुटली की आतला ताण कमी होतो आणि तासभर-दोन तास असंच फसवं बरं वाटू शकतं.

काही गोळी घेतली असेल तर तिची स्ट्रिप सोबत न्यायची, किंवा फोटो काढायचा. कधी घेतली, किती घेतली, तेही सांगायचं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवायचं नाही. त्या एका माहितीवरून लॅबमधल्या माणसाला कळतं, की ‘नो ग्रोथ’वर विश्वास ठेवायचा की नाही. भावानं ती गोळी सांगितली तेव्हा ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. आधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यालाही ती औषध वाटलीच नव्हती. ‘लूज मोशनची त गोळी होती.’

जखम भरायला पाच आठवडे लागले. शेवटचं ड्रेसिंग काकूनं स्वतः केलं, हात कोपरापर्यंत धुऊन, आणि आधी वास घेऊन पाहिला. हिवाळी परीक्षेचे त्याचे पेपर गेले. ते आता उन्हाळीत आहेत.